तळाचा पाषाण आणि तळाचा गाळ
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



बारामती-इंदापूरच्या मंडळींपुढे समुद्रतळाविषयी बोलण्याचे मी ठरविले, तेव्हा आपल्या चिटणीसांनी "विषय जरा लांबचा नाही का?" असे विचारले. तो किती जवळचा आहे, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

काळीत काय पिकेल, मुरमाडीत काय तग धरील आणि चोपणात बियाणे का फुकट जाईल, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ढेकूळ हाती घेताच कळते. कोकणातील कोळ्याला पाण्याखालच्या जमिनीची अशीच जाण असते. खडप, पुळण आणि खाजण हे भेद त्याला लहानपणापासून ठाऊक असतात. कालवे हवी असली की तो खडपाकडे जातो, तिसऱ्यांसाठी खाडीची रेती उकरतो आणि निवटे हवे असल्यास गुडघाभर चिखलात उतरतो.

याचे कारण असे. समुद्रातील मोठ्या शेवाळांना मुळे नसतात. मुळासारखा जो भाग दिसतो, तो केवळ पकड घेण्याचा अवयव होय. अन्न ती सर्वांगाने पाण्यातूनच घेतात. म्हणून त्यांना सुपीक जमीन नको, हलणार नाही असा आधार हवा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीच्या वेळी चालत जाताना पायांखाली काळा कातळ लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्हारसातून इंदापूरचे माळ बनले, त्याच दख्खनी थरांचा तो पश्चिमेकडील भाग. त्याच्या भेगांत व खळग्यांत ओहोटीतही पाणी राहते, सावली मिळते. तेथे शेवाळ धरते आणि शेवाळावर चरणारे शंखजीव येतात. शेजारच्या पुळणीवरची वाळू मात्र प्रत्येक लाटेबरोबर सरकते. तेथे ज्याला जगावयाचे त्याने बिळात शिरावे. खाजणाच्या बारीक चिखलात कुजका पालापाचोळा मुबलक, पण प्राणवायू वरच्या पातळ थरापुरताच. खालचा चिखल काळा आणि उग्र वासाचा असतो. तरीही तेथे किडे-कृमींची समृद्ध वस्ती असते. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते अशाच चिखलावर पोसले जाणारे सूक्ष्म शैवाल आणि बारीक जीव खाण्यासाठी.

आता आपल्या घरी येऊ. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील भीमाकाठच्या गावांची जमीन पाण्याखाली गेली. माझ्या आजोळचे शेतही त्यांतच आहे. भीमेचा जो गाळ कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे वाहत जाई, त्यातील बराचसा आता येथेच बसतो. उन्हाळ्यात पाणी उतरले आणि पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले की मी त्या बाजूस जाऊन येतो. एका वर्षी आजोळच्या शेताचा बांध सापडला. बांधाच्या दगडांवर वाळलेल्या शेवाळाच्या खपल्या आणि गोगलगायींचे शंख होते. एका हातावर, बांधाच्या आतल्या ओल्या गाळात, यांपैकी काहीच नव्हते. तेथे फक्त सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती. बोटाने उकरले तेव्हा रक्तासारख्या लाल, बारीक अळ्या वळवळल्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखेच रक्तद्रव्य असते. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तगतात. एकाच शेतात दोन निराळी राज्ये, आणि मध्ये सीमा काय ती बांधाची!

भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित येतात. ते पाय नाचवून गाळ ढवळतात आणि चोच उलटी करून असलेच जीव गाळून घेतात. त्यांना हवी गुडघाभर पाण्याखालची मऊ, सपाट जमीन. चिलापी माशाचा नरही उथळ तळातच खळगा करून घरटे मांडतो. चिलापी आपल्या जलाशयात एवढी का माजली, याचे एक कारण हा तळ होय. पुणे-पिंपरीकडून येणारे सांडपाणी त्याला अधिकच खत घालते. शेवाळ वाढते, मरते, तळाशी कुजते आणि उरलासुरला प्राणवायू संपविते.

पण मला अधिक बोचते ती वाळूची गोष्ट. यांत्रिक होड्या वाळू उपसतात तेव्हा सपाट तळाला खोल खड्डे पडतात. उठलेला गाळ दूरवरच्या दगडांवर बसून शेवाळाचा प्रकाश हिरावतो. खड्ड्यावर ना रोहित उभा राहू शकतो, ना गाळपेर होते. सभासदांपैकी ज्यांच्या गाळपेरीच्या जमिनीतून अशा वाहनांना वाट मिळते, त्यांची नावे मी घेणार नाही. ते याच मांडवात बसले आहेत आणि माझे आप्तच आहेत. जी जमीन धरणाने घेतली, तिच्यावरून मिळणारे भाडे म्हणजे उशिरा आलेली भरपाई, असे त्यांतील एकाने मला सांगितले. त्याचा राग मला समजतो. त्याचा हिशेब मात्र मला पटला नाही, आणि तसे मी त्याच्या ओसरीवर बसूनच सांगितले.

येत्या माघात आपल्या मुलांची सहल कुंभारगावला काढावी, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. एक भिंग, एक चाळणी आणि एक पांढरी थाळी एवढे साहित्य पुरे. बांध दाखविण्यास मी येईन.