शेत, समाज आणि देशाटन
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



 शेती सांभाळून समाजकार्य कसे करावे आणि त्यातून सवड काढून देशाटन कसे साधावे, असे तरुण मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. आमचे उत्तर त्यांच्या अपेक्षेइतके गौरवाचे नाही.

असा विषय निघाला की आपल्या वऱ्हाडात प्रथम डॉ. पंजाबराव देशमुखांचे स्मरण होते. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १९२० साली विलायतेस गेला आणि डॉक्टर व बॅरिस्टर होऊन परतला. अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी. १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. केंद्रीय कृषिमंत्री असताना दिल्लीस १९५९ साली जागतिक कृषिप्रदर्शन भरविले. १९२७ साली त्यांनी विवाह केला तो ज्ञातीबाहेर. ज्ञातीच्या मेळाव्यांत ही गोष्ट हळू आवाजात सांगण्याचा प्रघात आहे; आम्ही ती मोठ्याने सांगतो.

परंतु आपण सारे पंजाबराव नाही. आपल्यामागे संत्र्याची बाग असते, दावणीला जनावरे असतात, आणि आपण सभेस निघालो की ती कोणाच्या तरी अंगावर पडतात. आमच्या घरी ती धाकट्या बंधूंच्या आणि त्यांच्या पत्नीच्या अंगावर पडली. वीस वर्षे आम्ही वसतिगृहाचे काम पाहिले. त्याबद्दल शाली व नारळ आम्हांस मिळाले; बंधूंस काय मिळाले, हे कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

२०१९ चा उन्हाळा आपणांपैकी कोणी विसरला नसेल. वरुड-मोर्शी भागात विहिरी आटल्या, बोअर कोरडे पडले आणि उभी झाडे वाळली. त्या वैशाखात आम्ही वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडत होतो. इकडे बागेतील मोटार जळाली. बंधू दुरुस्तीसाठी तालुक्यास खेपा घालीत राहिले, आणि भावजय टँकरच्या पाण्याने, हाती बादली घेऊन, एकेक आळे भिजवीत राहिल्या. तीनशे झाडांपैकी एकशे दहा गेली. आम्ही परतलो तेव्हा ओसरीवर कोणी बोलेना. भासऱ्याशी समोरासमोर बोलण्याची रीत आमच्या घरी नाही, म्हणून भावजय आमच्या पत्नीस उद्देशून, पण आम्हांस ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "जाऊबाई, वसतिगृहाच्या पोराईले पाणी आहे, आपल्या झाडाईले कोन देईन?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेव्हा सुचले नाही. टाकी मात्र बांधून झाली होती.

पुढे २०२३ साली चिरंजीवांच्या आग्रहाने युरोप पाहण्याचा योग आला. राजवाडे व मनोरे पाहिले. त्यांचे वर्णन प्रवासवर्णनांत पुष्कळ आहे. संत्र्यांचा मुलूख म्हणून आम्ही हट्टाने स्पेनमधील व्हॅलेन्सिया गाठले. तेथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य चर्चच्या दारापुढे एक न्यायालय भरते. तुरिया नदीवरील कालव्यांच्या पाण्याची भांडणे तेथे मिटतात. कित्येक शतकांची ही परंपरा असून २००९ साली युनेस्कोने तिला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. आठ कालव्यांचे आठ पंच काळे डगले घालून वर्तुळाकार बसतात. पुकारा होतो, फिर्याद तोंडी, जबाब तोंडी, निकाल जागच्या जागी. आम्ही गेलो त्या गुरुवारी एकही तक्रार नव्हती. पुकारे झाले आणि काही मिनिटांत मंडळी उठली. आजूबाजूचे प्रवासी काहीसे हिरमुसले. आम्ही मात्र खिळून उभे राहिलो.

कारण असे की, पंच होण्यास तेथे स्वतः जमीन कसणारा शेतकरीच लागतो. ज्या कालव्यावरील माणसाविरुद्ध तक्रार असते, त्या कालव्याचा पंच निवाड्यात भाग घेत नाही. आणि दिवस व वेळ ठरलेली असल्यामुळे घरच्या माणसास ठाऊक असते की हा गुरुवारी दुपारी नाही, एरवी शेतावर आहे. आपल्या खानदेशातील फड पद्धतीतही पाण्याची वाटणी शेतकरीच आपसांत करीत आले. आपल्या मंडळाच्या सभांचे मात्र असे आहे की, त्या कधी भरतील हे अध्यक्षांसही ठाऊक नसते, आणि सुरू झाल्या की चहाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत उठत नाहीत. (हशा) चिटणीस आम्हीच होतो, तेव्हा दोषही आमचाच.

परत आल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तासांची सभा आणि बहराच्या कामात सभा नाही, असा ठराव मांडला. तो एका मताने संमत झाला, म्हणजे जेमतेम. घरी पाण्याच्या पाळ्या वहीत लिहिल्या आणि निम्म्या स्वतःकडे घेतल्या. वयाच्या मानाने रात्रपाळी जड जाते. वीज रात्रीच येते, त्याला इलाज नाही.

भावजयींनी पंढरपूरपलीकडे काही पाहिलेले नाही. येत्या डिसेंबरात त्या व बंधू रामेश्वरास जाणार आहेत. महिना त्यांनीच निवडला. आंबिया बहरासाठी तेव्हा बागेस ताण दिलेला असतो, पाणी तोडलेले असते, "म्हणून भासऱ्याले जमन," असे त्या म्हणाल्याचे पत्नीकडून कळले. यात्रा लांबून जानेवारी उजाडला, तर ताण तोडून पाणी सोडण्याचे काम आमच्याकडे आहे. त्यामुळे डिसेंबर व जानेवारीच्या सभांस आम्ही हजर राहणार नाही, याची नव्या चिटणीसांनी कृपया नोंद घ्यावी.