पेटी शेवटच्या माणसाकडे द्या

पावसाळा लागला की राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईच्या वाटा गजबजतात. प्रथमोपचाराची पेटी बहुतेक गट नेतात, हे चांगलंच आहे. पण ती असते कुठे? म्होरक्याच्या सॅकमध्ये, तळाशी, भांड्यांखाली. म्होरक्या अर्धा तास पुढे, आणि मागे शेवाळलेल्या कातळावर कुणाचा तरी पाय सटकलेला! म्हणून माझा आग्रह एकच: पेटी सर्वांत मागे चालणाऱ्याकडे द्या. दमलेला, लंगडणारा, चक्कर आलेला माणूस मागेच पडतो.

घरातला मिसळणाचा डबा आठवा. तो माळ्यावर नसतो, ओट्याशी हाताला लागेल असा असतो. वीज गेली तरी हात बरोबर मोहरीच्या वाटीवर पडतो. त्यात रोजच्या फोडणीला लागतं तेवढंच असतं, आणि हळद संपत आली की लगेच भरली जाते. पेटीही तशीच हवी.

मग त्यात काय हवं? क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी फडकं, ओआरएस. नुसत्या डोकेदुखीच्या गोळ्यांनी पेटी भरू नका. वाहतं रक्त गोळीने थांबत नाही. गॉजची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटं सलग दाबायची. मध्येच उचलून बघायचं नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत ओतू नका. घोणस किंवा फुरसं चावलं तर चिरा नको, आवळून बांधणं नको. त्या माणसाला चालवू नका. पायाला काठीचा आधार द्या, बँडेजने बेताने बांधा आणि उचलून थेट रुग्णालय गाठा. 108 ला फोन लावण्याइतकी रेंज कुठल्या टेपावर मिळते, ते पायथ्याच्या गावात आधीच विचारून ठेवा.

निघण्यापूर्वी एवढं मात्र कराच. सगळ्यांसमोर पेटी उघडा. प्रत्येकाने एकेक वस्तू हातात घेऊन परत जागेवर ठेवावी. औषधांच्या मुदतीच्या तारखा मोठ्याने वाचा. आणि पुन्हा सांगतो, कंटाळू नका: पेटी वरच्या कप्प्यात, आणि ती सॅक सर्वांत मागे चालणाऱ्याच्या पाठीवर.