घर, लेकरं आणि सायकल

मुलं लहान असताना सायकलीला वेळ कुठून काढायचा? तंजावरच्या शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या बायांनी याचं उत्तर १९९१ नंतर दिलं. ‘अरिवोळी’ साक्षरता चळवळीत तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकवण्याचाही समावेश केला आणि खेड्यापाड्यातल्या हजारो बाया सायकलवर बसल्या. घरकाम आणि सायकल एकत्रच चाललं. मूल पुढे दांडीवर, मागे कॅरियरवर पाण्याची घागर, नाहीतर बाजाराचा माल. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला. तो घराला मिळाला, थोड्या विसाव्यालाही. मला हा विसावा फार मोलाचा वाटतो. तुम्ही तंजावरला असाल, तर तिथली जमीन कावेरीच्या गाळाची, सपाट. तेव्हा शाळा, दूध, भाजी या फेऱ्या सायकलवर कराच, सकाळी ऊन चढण्याआधी.