सव्वाचार इंचांचा न्याय



स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गाव म्हणजे गोल्फची पंढरी. तेथील जुन्या, जगद्विख्यात मैदानाला लागून उंचसखल हिरवळीचा एक लहानसा तुकडा आहे. त्याचे नाव ऐकून आपणां भारतीयांस मौज वाटेल. त्याला 'हिमालय' असे म्हणतात. १८६७ साली तेथे स्त्रियांचा पटिंग क्लब स्थापन झाला. खांद्याच्या वर काठी नेऊन सर्व जोरानिशी फटका मारणे हे कुलीन स्त्रीला शोभत नाही, अशी त्या काळची समजूत होती. तेव्हा लांबचा खेळ पुरुषांनी स्वतःकडे ठेवला आणि चेंडू हलक्या हाताने होलमध्ये लोटण्याचा खेळ, ज्याला पटिंग म्हणतात तो, स्त्रियांच्या वाटणीला आला.

आता काळाचा विनोद पाहा. आज गोल्फच्या जाणकारांत असे बोललेले वारंवार कानी पडते की, व्यावसायिक स्त्रिया लांबचे फटके सरळ मारतात खऱ्या, परंतु ग्रीनवर आणि ग्रीनच्या आसपास त्या पुरुषांच्या तुलनेने कच्च्या. म्हणजे जो खेळ तिचा म्हणून तिला दिला, त्यातच ती उणी ठरली! हे मत मीही पुष्कळ दिवस बाळगून होतो. ते कशाच्या आधारावर बाळगले होते, असे कोणी विचारले असते तर मात्र मला उत्तर देता आले नसते.

ज्या श्रोत्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. गोल्फमध्ये पहिला फटका दूरवर मारावयाचा असतो. तेथे शरीरबळाला मोठे मोल आहे. व्यावसायिक पुरुषांचा हा फटका आज सरासरीने सुमारे ३०० यार्ड जातो, तर स्त्रियांचा अडीचशे यार्डांच्या थोडा पुढे. हे अंतर उघड आहे आणि त्यासाठीच स्त्रियांचे मैदान आखूड ठेवतात. परंतु चेंडू एकदा ग्रीनवर आला की सगळा हिशेब बदलतो. होलचा व्यास सव्वाचार इंच. तो १८९१ च्या नियमांनी ठरविला आणि तो पुरुषांना निराळा, स्त्रियांना निराळा असा नाही. दहा-पंधरा फुटांवरून चेंडू लोटावयास जेवढे बळ लागते तेवढे दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातही असते. येथे लागते ती नजर, उतार वाचण्याची बुद्धी, आणि छातीत धडधडत असताना हात स्थिर ठेवण्याचे धैर्य. यांपैकी कोणती गोष्ट निसर्गाने पुरुषाला अधिक दिली आहे?

मग हे मत आले कोठून? मला वाटते, बरेचसे ते चुकीच्या मोजणीतून आले. पूर्वी एका फेरीत किती 'पट' लागले एवढेच मोजीत. स्त्री काय, पुरुष काय, ही संख्या बहुधा तिशीच्या आसपास येते. पण ही मोजणी फसवी आहे. ज्याचा चेंडू ग्रीनच्या बाहेर पडतो, तो तेथून होलच्या अगदी जवळ आणून एका पटात काम उरकतो. ज्याचा चेंडू ग्रीनवर पण होलपासून चाळीस फुटांवर थांबतो, त्याला दोन पट लागतात. कागदावर पहिला कुशल आणि दुसरा अकुशल! सरकारी कचेरीत निकालात काढलेल्या प्रकरणांची नुसती संख्या पाहून कारकुनाची पारख करणाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा वाटेल. मी त्यांच्यापैकीच एक असल्यामुळे अधिक बोलत नाही.

खरी मोजणी अंतरागणिक व्हावयास हवी. अमेरिकेतील पुरुषांच्या स्पर्धांत या शतकाच्या आरंभापासून लेसर यंत्रांनी प्रत्येक फटक्याची जागा टिपली जाते. त्या नोंदींवरून कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी या प्राध्यापकांनी मोठे उद्बोधक गणित मांडले. पहिल्या प्रतीचे पुरुष खेळाडूही आठ फुटांवरून दोनांत एकदाच होल साधतात, आणि वीस फुटांवरून शंभरांत जेमतेम पंधरा वेळा. उत्तम खेळाडू सामान्य व्यावसायिकाहून जितका सरस असतो, त्या सरशीचा साधारण १५ टक्केच भाग पटिंगचा आणि १७ टक्के जवळच्या खेळाचा. उरलेला दोन तृतीयांश लांबच्या फटक्यांचा. २०११ पासून पुरुषांच्या पटिंगची प्रतवारी या पद्धतीने अधिकृतपणे होऊ लागली. स्त्रियांच्या अमेरिकन व्यावसायिक मंडळाला अशा विस्तृत नोंदीची सोय मिळाली ती २०२१ मध्ये. म्हणजे तोपर्यंत एका पक्षाची मोजमापे होती, दुसऱ्याची जवळजवळ नव्हती, आणि निवाडा मात्र देऊन झाला होता.

२००३ साली स्वीडनची ॲनिका सोरेनस्टाम टेक्सासमधील कलोनियल मैदानावर पुरुषांच्या स्पर्धेत उतरली. पहिल्या दिवशी तिने १८ पैकी १४ ग्रीन नियमित फटक्यांत गाठले, तरीही तिला ३३ पट लागले आणि फेरी ७१ ची झाली. दुसऱ्या दिवशी ७४, आणि चार फटक्यांनी ती बाद झाली. लोक म्हणाले, पाहा, पटिंगमध्ये हरली! तिच्या मनावर त्या दिवशी केवढे ओझे होते हे सांगावयास नको. परंतु आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जेथून पुरुष आखूड, उंच उडणाऱ्या काठीने ग्रीनवर मारतात, तेथून मागे राहिलेल्या खेळाडूला लांब काठी घ्यावी लागते. तो चेंडू खालून येतो, कमी फिरतो आणि होलपासून दूर जाऊन थांबतो. ग्रीन गाठले, पण पट लांबचा राहिला. पटाच्या खाती मांडलेली चूक पुष्कळदा मागच्या फटक्याची असते. त्याच वर्षी पुढे सोरेनस्टामने स्त्रियांच्या दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

अर्थात सगळेच सारखे आहे, असे म्हणणे हाही पक्षपातच होईल. पटिंग आणि ग्रीनभोवतालचा खेळ या दोन वस्तू लोक एकत्र बांधतात, त्या सोडविल्या पाहिजेत. बंकरमधील वाळूतून चेंडू काढताना काठी चेंडूला लागतच नाही. ती मागच्या वाळूत शिरते आणि वाळूच चेंडूला उचलून बाहेर टाकते. त्यामुळे दहा यार्डांच्या फटक्यालाही काठीला चांगला वेग द्यावा लागतो. ग्रीनच्या कडेच्या दाट, ओल्या गवतात हीच अवस्था. गवत काठीच्या मानेला विळखा घालते, आणि तेथे मनगट बळकट असेल तर काम होते. येथे पुरुषांना काही फायदा आहे, हे मान्य केले पाहिजे. मोकळ्या, आखूड कापलेल्या गवतावरून चेंडू घरंगळत नेणे मात्र निव्वळ हिकमतीचे काम आहे. तेथे तो फायदा संपतो.

एकाच मैदानावर दोघांना पाहण्याचा योग २०१४ मध्ये आला. उत्तर कॅरोलिनातील पाइनहर्स्टच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर अमेरिकेची पुरुषांची आणि स्त्रियांची खुली स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाली. पुरुषांना ७५६२ यार्ड, स्त्रियांना ६६४९. तेथील ग्रीन कासवाच्या पाठीसारखे. जरा चुकलेला चेंडू कडेने खाली घरंगळतो. जर्मनीच्या मार्टिन कायमरने पुष्कळदा ग्रीनच्या बाहेरूनही पटरच हाती घेतला आणि २७१ फटक्यांत आठ फटक्यांच्या आघाडीने स्पर्धा जिंकली. पुढच्या आठवड्यात मिशेल वी कंबरेत काटकोनात वाकून, पाठ टेबलासारखी सपाट करून पट मारताना दिसली. तिच्या या पवित्र्याची थट्टा पुष्कळ झाली होती. शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर तिने दोन फटके गमावले, आणि लगेच सतराव्यावर सुमारे २५ फुटांचा पट त्याच पवित्र्यात घालून २७८ वर ती विजयी झाली. पारच्या खाली पुरुषांत तिघे राहिले, स्त्रियांत ती एकटीच. या आकड्यांवरून लिंगभेदाचा सिद्धान्त काढणाऱ्याने कायमरला वगळून पुन्हा एकदा बेरीज पाहावी. बाकीच्या दोन पुरुषांचे २७९ झाले होते.

येथे एक घरगुती गोष्ट सांगण्याचा मोह होतो. उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी माझी बदली असताना नऊ होलचे एक जुने मैदान होते. पाण्याच्या तुटवड्यामुळे तेथे ग्रीन नव्हते, त्यांच्या जागी वाळूचे 'ब्राउन' होते. तेथे एक वयस्क डॉक्टरीणबाई खेळावयास येत. मी उदारपणे त्यांना सवलतीचे फटके देऊ केले. त्यांनी ते निमूटपणे घेतले. पाचव्या होलपासून मला वाटू लागले की सवलत मीच मागावयास हवी होती. माझा चेंडू बाईंच्या पुढे ऐंशी यार्ड जाई, आणि ब्राउनवर पोहोचल्यावर त्याचा काही उपयोग नसे.

शेवटी टोकियोविषयी सांगतो. करोनामुळे लांबलेले २०२० चे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. कासुमिगासेकीच्या मैदानावर ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पुरुषांची स्पर्धा संपली आणि चौथ्या तारखेला त्याच ग्रीनवर स्त्रिया उतरल्या. त्यांत बंगळूरची आदिती अशोक होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी. काही आठवड्यांपूर्वीच करोनाने आजारी पडल्यामुळे हातातला जोर गेलेला. तिची आई कॅडी म्हणून पिशवी घेऊन बरोबर चालत होती. साठ स्पर्धकांत तिचा पहिला फटका सर्वांत आखूड पडणाऱ्यांपैकी, त्यामुळे इतर जणी लहान काठी काढीत तेथे ती लांब काठी काढी. आणि पटिंगमध्ये ती त्या साऱ्या स्पर्धकांत पहिली होती.

६७, ६६, ६८, ६८. वादळाने शेवटची फेरी मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली. आपल्या देशात ज्यांनी कधी गोल्फची काठी पाहिली नव्हती अशी माणसे त्या शनिवारी सकाळी दूरदर्शनसंचासमोर बसून बर्डी आणि पार यांचा अर्थ एकमेकांस विचारीत होती. अमेरिकेच्या नेली कोर्डाचे २६७ झाले, जपानच्या मोने इनामीचे आणि न्यूझीलंडच्या लिडिया कोचे २६८. अठराव्या ग्रीनवर आदितीने उतार न्याहाळला, चेंडू लोटला, तो होलपाशी गेला आणि बाहेरच राहिला. २६९.