कोपीपर्यंत पोचलेली शाळा

तुमची भाकरी-कालवणाची वेळ आहे, तेव्हा हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमची शाळा दोन शिक्षकी. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर लागतात, मुकादमाची उचल घेतलेले कोयते निघतात आणि माझा वर्ग एका आठवड्यात निम्मा होतो. काही लेकरं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात. बाकीची आईबापाबरोबर जातात, त्यात मुली जास्त. धाकटं भावंडं कुणी सांभाळायचं, हा घरातला प्रश्न असतो आणि उत्तर बहुतेक वेळा मुलगीच असते.

मोबाईलवर बोला, असं मला रेडिओच्या ताईंनी सांगितलं. आम्हा शिक्षकांत ‘तंत्रस्नेही’ असा एक शब्द आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तुम्ही ऐकलं असेल. मलाही वाटायचं, आपण छान छान व्हिडिओ करावेत. केलेही. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा रात्र रात्र जागून केले. पण व्हिडिओ उघडायला बापाचा फोन घरात हवा, फोनमध्ये नेट हवं. फोन बापाच्या खिशात आणि बाप फडात!

मला मोबाईल खरा कळला तो एका चुकीतून. तीच आज सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीतली एक मुलगी, वाचनात वर्गात पहिली, एका सकाळी दिसली नाही. टोळी रात्रीतून गेली होती. बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवलं की तिकडची शाळा तिला बसवून घेते. तिचं कार्ड माझ्याच टेबलाच्या खणात राहिलं होतं. शिरोळकडे गेलेत, एवढंच कळलं.

एका प्रशिक्षणात जमलेला राज्यभरच्या शिक्षकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं. मी त्यावर मुलीचा फोटो टाकला, नाव, गाव आणि वडिलांचा नंबर टाकला. खाली लिहिलं, ‘ही मुलगी कुणाच्या शाळेजवळ आढळल्यास कळवा.’ मला वाटलं, केवढं काम केलं!

संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे फिरला. कुणीतरी वर ‘हरवली आहे’ असं जोडलं. तिच्या बापाला अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. कुणी म्हणे पोरगी सापडली का, कुणी भलतंच विचारी. रात्री त्याचा मला फोन आला. “बाई, आमची पोरगी आमच्यापाशी हाये. तुम्ही आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली.” एवढं बोलून त्याने फोन बंद केला, तो पुढे लागलाच नाही. मी ग्रुपवरचा मेसेज पुसला, पण पुढे गेलेला कसा पुसणार? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या आजीच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हातारीकडे बटणाचा फोन. लेकीचा फोन रोज दिवेलागणीला येतो, असं ती म्हणाली. आला, तेव्हा मी घेतला आणि आधी माफी मागितली. तिची आई गप्प राहिली. मग म्हणाली, “पोरगी पुस्तक घिऊन बसती वो कोपीत. पर धाकटं खेळू देत नाही.” तिने मला तळ कुठे पडलाय ते सांगितलं, जवळच्या गावाचं नाव सांगितलं.

मग मी ग्रुपवर फक्त एवढं विचारलं, ‘शिरोळ तालुक्यात कोण आहे?’ एका बाईंनी हात वर केला. पुढचं सगळं त्यांच्याशी फोनवर, दोघींतच. त्यांची शाळा तळापासून दोन किलोमीटर. शाळा सुटल्यावर त्या स्कूटीवर गेल्या, कोपीत बसल्या, चहा प्यायल्या. सोमवारी मुलगी भावाला कडेवर घेऊन शाळेत आली. कार्डाचा फोटो मी पाठवला होताच. तसं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखला आणला नाही म्हणून शाळेला मूल परत पाठवता येत नाही. पण कागद हातात असला की आईबापाला धीर येतो.

बालभारतीचं पुस्तक दोन्हीकडे एकच. आमचा जो धडा अर्धा राहिला होता, तिथूनच तिकडे सुरू झाला. ज्या दिवशी तिला जाता यायचं नाही, त्या दिवसासाठी मी आवाजातच धडा पाठवायचे. मिनिटभराचा आवाज व्हिडिओपेक्षा कितीतरी हलका, थोड्या नेटवरही पोचतो. त्या बाई स्वतःच्या फोनवर तो घेऊन तळावर जायच्या. तिच्याबरोबर आणखी पाच लेकरं ऐकायला बसू लागली. गणितं मी फडातलीच घालायचे. मोळ्या किती, गाडीत किती मावतील, वाढे विकून आईला किती मिळाले. उत्तर ती आवाजात पाठवायची, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. एकदा तर तिने मलाच सुधारलं. “बाई, तुमी मोळी लई लहान धरली.”

बाप मात्र हंगाम संपेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही.

आता माझ्या फोनमध्ये पालकांचा ग्रुप नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, ते आमच्या बायकांना नको असतं. मी ब्रॉडकास्ट यादी केली आहे. निरोप सगळ्यांना जातो, पण कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. फक्त माझा नंबर तुमच्या फोनमध्ये साठवलेला हवा, नाहीतर तो निरोप येत नाही. मुलांचा फोटो मी कुठेच टाकत नाही, बक्षीस मिळालं तरी नाही. वरून मागणी आली तर पाठमोरा फोटो पाठवते. साहेब हसतात, हसू देत.

दसरा आता तीन आठवड्यांवर आलाय. ज्या जाणार आहात, त्यांनी निघण्याआधी शाळेतून हमी कार्ड मागून घ्या. ट्रंकेत तळाला नको, भाकरीच्या पिशवीत ठेवा. बाईंचा नंबर कागदावर लिहून घ्या, फोन हरवतो. तळ कुठे पडला तेवढं पहिल्या आठवड्यात कळवा, मिस्ड कॉल दिला तरी मी उलट फोन करते. तुमचा फोन बटणाचा असला तरी चालेल.

ती मुलगी आता सातवीत आहे. यंदा आजीजवळ राहणार म्हणते. भाऊ पहिलीत आलाय, माझ्याच वर्गात.