वर्गाच्या मदतीसाठीं नाताळचा फराळ
(आगमनकाळांत पालकसभेपुढें केलेलें भाषण)



नाताळाच्या सुटीपूर्वीं मुलांनीं शाळेंत घरगुती फराळाची विक्री करावी व आलेल्या पैशांतून गरजू सोबत्यांस पुस्तकें घेऊन द्यावीं, असा विचार आपल्यापुढें आहे. हेतु उत्तमच आहे. तो कोणत्या रीतीनें पार पडावा, याविषयीं दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतें.

प्रत्येक मुलानें घरून एकेक ताट आणावें, ही रीत सोपी खरी. पण ज्या घरीं तेलसाखरेचीच चणचण, तेथील मुलानें काय करावें? ज्याच्यासाठीं मदत, त्यालाच रिकाम्या हातांनीं उभें करणें ही कसली दया? म्हणून माझी सूचना अशी कीं, यथाशक्ति वर्गणी झांकलेल्या पेटींत टाकावी, त्यांतून सामान आणावें आणि फराळ एकाच चुलीवर व्हावा. ज्यास पैसा देतां येत नाहीं, त्यानें हात द्यावे.

यासाठीं वसई-गोव्याकडील घरांत परिचित असलेल्या कलकलांसारखा दुसरा जिन्नस नाहीं. नारळाच्या दुधांत मळलेल्या मैद्याची लहानशी गोळी जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळावयाची; लहान मुलांसही तें साधतें. तळण मात्र मोठ्यांनींच पाहावें. खुसखुशीत तळून, पूर्ण गार करून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवलेले कलकल पुष्कळ दिवस टिकतात. ते आधीं करावे. ओल्या नारळाच्या नेवऱ्या लवकर बिघडतात. त्या आदल्या दिवशींच कराव्या. दोदोल आटेपर्यंत सारखा ढवळावा लागतो. तेथें दोघीतिघींनीं आळीपाळीनें उभें राहावें.

कित्येकांस अंडें, काजू वा दूध सोसत नाहीं. म्हणून प्रत्येक पुडीवर आंतील जिन्नस लिहावे. सामानाचा व इंधनाचा खर्च वजा जातां उरेल तोच नफा समजावा, आणि हा हिशेब मुलांकडूनच लिहवून घ्यावा.

पुडीवर करणाराचें नांव मात्र नसावें. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत ५ भाकरी व २ मासळ्या असलेला मुलगा येतो. त्याचें नांव कोठेंच दिलेलें नाहीं. भाकरीही जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. तरी प्रभूच्या हातीं पडतांच त्या हजारोंना पुरून उरल्या.

आपल्या मुलांस देण्याचा आनंद लाभो आणि घेणाराची मान खालीं न जावो, हीच बाळ येशूच्या चरणीं प्रार्थना.