देवळामागचं कीर्तन



आज जाऊ या औंढा नागनाथला.
आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं हे ज्योतिर्लिंग.

गोष्ट सातशे वर्षांपूर्वीची सांगतात.
संत नामदेव इथे आले.
इथल्याच नरसी गावचे, शिंपी समाजातले.

देवापुढे ते कीर्तनाला उभे राहिले.
पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं.
मागे जायला सांगितलं.

नामदेव भांडले नाहीत.
ते देवळामागे गेले…
आणि गात राहिले.

आख्यायिका म्हणते, मग देऊळच फिरलं.
नामदेवांकडे तोंड करून उभं राहिलं.
मागच्या बाजूचा नंदी लोक आजही खूण म्हणून दाखवतात.

देऊळ फिरलं, ही श्रद्धा.
मला मोठं वाटतं ते नामदेवांचं वागणं.
अपमान झाला, पण हात उगारला नाही.
आणि गाणंही सोडलं नाही.

पण ते मुकाट बसले, असं मात्र समजू नका.
देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांच्या नावच्या एका पदात आहे.
जातीवरून हाकलल्याचं दुःख त्यात उघड सांगितलं आहे.

हे पद कुठे आहे, ठाऊक आहे?
शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात!
नामदेवांची 61 पदं तिथे आहेत.
गुरुद्वारांत ती रागांत गातात.

भांडण नाही, गाणं.
हेच घेऊन नामदेव पंजाबात गेले.
घुमान गावी त्यांचं मोठं स्मारक आहे.
2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं…
ते त्याच घुमानला.